खिशातला बोल्ट

“हातोडा हे अडाण्याचं हत्यार आहे, सर्जेराव,” असं म्हणून दाजींनी माझ्या हातातला हातोडा काढून घेतला आणि तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. “गाडी शास्त्राने दुरुस्त होते. ठोकून नाही.”

पाटणच्या एसटी स्टँडसमोर माझं गॅरेज आहे. तेव्हा ते चालवायला लागून मला नऊ वर्षं झाली होती. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान शशिकांतराव, रत्नागिरीला एका औषध कंपनीत एरिया मॅनेजर होते. डॉक्टरांच्या दारात बॅगा घेऊन बसणाऱ्या पोरांवर ओरडायचं, हा त्यांचा व्यवसाय. या माणसाने आयुष्यात कधी सायकलची चेन बसवली असेल असं मला वाटत नाही. पण महिनाभरापूर्वी त्यांनी कुठल्याशा प्रदर्शनातून पान्यांची एक लाल पेटी घेतली होती आणि तेव्हापासून ते अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले होते.

अधिक ज्येष्ठ चालू होता. अधिक महिन्यात आमच्याकडे जावयाला धोंड्याचं जेवण घालतात. त्याचे पाय धुतात, तेहतीस अनारसे देतात, नवे कपडे करतात आणि तो जे बोलेल ते ऐकून घेतात. एरवी ऐकून घेत नाहीत असं नाही, पण त्या दिवशी त्याला देवाचं निमित्त असतं. माझे वडील आप्पा तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. भल्याभल्यांच्या उसाच्या ट्रॉल्या त्यांनी काट्यावरून परत पाठवल्या होत्या. तेच आप्पा सकाळी परातीत दाजींचे पाय धुताना त्यांच्या अंगठ्याची नखंसुद्धा चोळत होते. मी दारातून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

जेवण झालं आणि दाजींनी ढेकर देऊन जाहीर केलं, की येताना घाटात पुढचं डावं चाक कर्र कर्र वाजत होतं. ब्रेकचे पॅड झिजलेत. नवे पॅड डिकीत आहेत. चारला निघायच्या आत ते स्वतः बदलणार.

“दाजी, तुम्ही पडा जरा,” मी म्हणालो. “मी करतो. तासाभराचं काम आहे.”

“तुम्हा लोकांचं काम अंदाजाने चालतं,” दाजी म्हणाले. “माझ्याकडे गाडीच्या कंपनीचं पुस्तक आहे.”

हातोडा त्यांनी काढून घेतला तो याच वेळी. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा मला हाताला धरून माजघरात घेऊन गेले.

“करू दे त्यास्नी.”

“आप्पा, ब्रेकचं काम हाय. समुद्राकाठची गाडी हाय, खालनं सगळी गंजलेली असनार. बोल्ट जाम असत्यात. त्यास्नी न्हाई जमायचं.”

“न्हाई जमलं तर तुला हाक मारत्याल. आपून होऊन बोलायचं न्हाई. सकाळी ज्यांचं पाय धुतलं त्यांच्या चुका दुपारी काढायच्या न्हाईत.”

“आणि न्हाई मारली हाक तर?”

“सर्जा,” आप्पा म्हणाले, “तुझ्या बहिणीला तिथं नांदायचं हाय.”

आमच्या घरात हे वाक्य निघालं की पुढं कुणी बोलत नाही. मी बाहेर आलो, सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि जोत्यावर बसलो. आप्पांनी बोलायला बंदी केली होती. बघायला नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला ती बंदी आवडलीच होती. माझ्या लग्नात या माणसाने आपल्या मित्रांना माझी ओळख करून दिली होती ती अशी: “हा आमच्या मिसेसचा भाऊ. गाड्या धुतो.” मी गाड्या धूत नव्हतो. धुतल्या असत्या तरी त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण ते वाक्य माझ्या मनात पाच वर्षं होतं आणि आता मला त्या माणसाचा तमाशा फुकट बघायला मिळणार होता.

दाजींनी नवीन सदरा काढून खुंटीला लावला आणि बनियनवर कामाला लागले. आक्काला त्यांनी हातात बॅटरी देऊन शेजारी बसवलं. ऐन दुपारी ज्येष्ठाच्या उन्हात बॅटरी कशाला लागते हे विचारायची सोय नव्हती. आक्काची चार वर्षांची मनू ओसरीवर माझ्या आईजवळ अनारसा कुरतडत बसली होती. गाडी जॅकवर चढली, चाक निघालं. आतला अवतार मी म्हटलं होतं तसाच होता. खाऱ्या वाऱ्याने सगळं लोखंड तांबूस होऊन पापुद्रे सुटले होते.

चाकाच्या मागे जी लोखंडी तबकडी फिरते, तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा एक जबडा असतो. त्याला आम्ही कॅलिपर म्हणतो. तो मागच्या अंगाने दोन बोल्टांवर धरलेला असतो. खालचा बोल्ट काढायचा, जबडा वर उचलायचा, जुने पॅड काढायचे, नवे घालायचे. एवढंच काम. पण बोल्ट गंजून जाम असेल तर त्याच्याशी जबरदस्ती करून चालत नाही. आधी ऑइल सोडायचं आणि बिडी ओढून यायचं. मग हातोडीने डोक्यावर हलके हलके ठोके द्यायचे, म्हणजे आट्यांमधला गंज सुटतो. मग डोक्यावर घट्ट बसणारा बॉक्स पाना लावून आधी किंचित आवळायचा आणि मग सैल करायचा. पुन्हा ऑइल, पुन्हा ठोके. अडेल माणसाला जसं आधी त्याच्या मनासारखं बोलून मग वळवतात तसं.

दाजींनी पुस्तक उघडलं, पान शोधलं, पेटीतला एक पाना बोल्टावर चढवला आणि सरळ ताकद लावली.

आता यात एक गंमत असते. या बोल्टाचं डोकं गाडीच्या आतल्या अंगाला असतं. बाहेर बसून हात मागे घातला की सैल करायची बाजू उलटी होते. गॅरेजात नवीन आलेल्या पोराकडून ही चूक पहिल्या आठवड्यात होते, एक टपली बसते आणि परत होत नाही. दाजींना टपली मारणारं कुणी नव्हतं. त्यांनी पाना ज्या बाजूला ओढला ती आवळायची बाजू होती. आधीच जाम झालेला बोल्ट ते सर्व शक्तीनिशी आणखी आवळत होते.

मला ते पहिल्याच ओढीला दिसलं. मी एक शब्द बोललो असतो तर काम तिथंच सरळ झालं असतं. “दाजी, उलटं,” एवढंच. मी सुपारी या गालातून त्या गालात घेतली.

“हलतोय, हलतोय,” दाजी म्हणाले. “बघा, शास्त्र म्हणतात ते हे.”

“जमतंय की दाजी,” मी म्हणालो.

आक्काने माझ्याकडे पाहिलं. मी हसत होतो. लपवायचाही प्रयत्न केला नव्हता. तीही जराशी हसली आणि परत बॅटरी धरून बसली.

वीस मिनिटं हे चाललं. दाजींचं बनियन पाठीला चिकटलं. पाना दोनदा निसटला, बोल्टाच्या डोक्याचे कोपरे झिजून ते गोल होत चाललं. शेवटी त्यांनी पान्याला अंगणातला एक पाइप अडकवला, म्हणजे जोर दुप्पट झाला, आणि दोन्ही पाय भिंतीला रेटून ओढ घेतली. टक्क करून आवाज झाला आणि दाजी पाठीवर पडले.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आईने ओसरीवरून विचारलं, “काय झालं गं?” आक्का काही बोलायच्या आत दाजी उठून बसले आणि म्हणाले, “काही नाही. निघाला बोल्ट.”

निघाला नव्हता. डोकं तुटून पान्यात आलं होतं आणि धड आत तसंच जाम राहिलं होतं. दाजींनी ते डोकं पटकन मुठीत घेतलं, पण मी जोत्यावर होतो आणि माझे डोळे चांगले आहेत. मला आता हसू आवरेना. मी तोंडावर हात घेतला. पुस्तकवाल्या या माणसाने अर्ध्या तासात एक चांगला बोल्ट आवळून आवळून तोडला होता आणि वर निघाला म्हणून सांगत होता.

थोड्या वेळाने दाजी आक्काला म्हणाले, “एक तार बघ गं. दोन-अडीच हात.”

“तार कशाला?”

“जबडा वर बांधून ठेवावा लागतो काम करताना. पुस्तकात दिलंय.”

हे खरंच आहे. आम्हीही काम करताना कॅलिपर तारेने टांगतो. आक्का परड्यात गेली, दोडक्याच्या मांडवाची तार सोडवून आणली. दाजींनी तिला पाणी आणायला पाठवलं, माझ्याकडे पाठ केली आणि गाडीच्या बाजूला बराच वेळ वाकून राहिले. तार आत गेली ती परत बाहेर आली नाही. आक्का तांब्या घेऊन येईपर्यंत चाक चढलेलं होतं.

म्हणजे ज्या कानाला बोल्ट हवा तो कान त्यांनी दोडक्याच्या तारेने बांधला होता. सपाटीला ती तार दहा-वीस किलोमीटर टिकली असती. कुंभार्ली घाटाच्या उतारावर, प्रत्येक वळणाला ब्रेक दाबायचा म्हटल्यावर, ती कुठल्या तरी वळणाला तुटणार. मग जबडा सुटून चाकाला आपटणार. त्यानंतर दरी आहे.

हे सगळं मला माहीत होतं. मी स्वतःचं कसलंही समर्थन करत नाही. मला माहीत होतं आणि मी मनात एक बेत केला. निघायच्या वेळी आळीतली सगळी माणसं फाटकात जमतात. जावई परत निघाला की आमच्याकडे बायका ओटी भरायला येतात, म्हातारे गाडीवर हात फिरवून जातात. ती सगळी जमली, की मी पुढं होणार, शांतपणे चाक काढणार आणि ती तार सगळ्यांसमोर दोन बोटांनी उचलून दाखवणार. एक वाक्यही मी तयार केलं होतं. “दाजी, हे पुस्तकात कितव्या पानावर हाय?”

वाक्य तयार झाल्यावर मला धीर धरवेना. फटफटी काढली आणि गॅरेजात जाऊन त्या मापाचा नवा बोल्ट शोधून खिशात टाकला. तार दाखवून झाली की लगेच नवा बोल्ट काढायचा, म्हणजे माझा मोठेपणा पुरा. शेजारी मुनीरचं पंक्चरचं दुकान आहे. त्याला मी उभ्या उभ्या सगळी हकिकत सांगितली. मला वाटलं होतं तो पोट धरून हसेल.

मुनीर ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता थांबला. “मग सांग की जाऊन त्येला.”

“थांब की. चार माणसं जमू देत.”

“आक्का बसनार हाय त्या गाडीत.”

“बसायच्या आधीच सांगतोय न्हवं?” मी म्हणालो. “तुला काय कळत न्हाई.”

घरी आलो तेव्हा आक्का परड्यातल्या नळावर राखेने हात घासत होती. मला बघून ती उभी राहिली. लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी माहेरी आली की ती आमच्यासारखीच बोलायची.

“सर्जा, गाडी ठीक हाय न्हवं?”

“का गं?”

“काय न्हाई. त्यांनी तार मागितली ती परत दिली न्हाई. मनू हाय संगं. घाट उतरायचा हाय.”

माझा बेत तिथंच फुटणार होता. तिला खरं सांगितलं असतं तर ती आत जाऊन दाजींना सांगणार, दाजी गुपचूप मला एका बाजूला घेणार, मी गुपचूप बोल्ट बसवणार आणि आळीला काहीच कळणार नाही. मी म्हणालो, “दाजींनी स्वतःच्या हातानं केलीय गाडी. पुस्तकात बघून. आता तिला काय धाड भरलीय?”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हसत होतो.

“बरं,” आक्का म्हणाली आणि हात पुसत आत गेली.

तीन वाजता आप्पांनी मला गिरणीवर पाठवलं. आक्काला द्यायचं मेतकूट दळायला टाकलेलं होतं ते आणायचं होतं. निघायला तासभर अवकाश होता, म्हणून मी गेलो. गिरणीत वीज नव्हती. गिरणीवाला म्हणाला, पाच मिनिटांत येईल. मी पोत्यावर बसलो आणि माझ्या वाक्यावर शेवटचा हात फिरवत राहिलो. ‘कितव्या पानावर’ आधी घ्यावं की ‘पुस्तकात’ आधी घ्यावं, याचा मी विचार करत होतो. वीज यायला अर्धा तास लागला.

मेतकुटाचा डबा घेऊन आलो तर फाटकात आळीतल्या दोन बायका तेवढ्या उभ्या होत्या आणि अंगणात गाडीच्या जागी ऑइलचा डाग होता.

“गेली?” मी विचारलं.

“गेली की मघाशीच,” आई म्हणाली. “जावई म्हणालं, ऊन हाय तवर घाट उतरतो. लईच घाई केली बाई. अनारशाचा डबा बी ऱ्हायला.”

घाई का केली ते मला कळलं. निघताना मी जोत्यावर बसून त्या चाकाकडे बघेन याचीच त्यांना भीती होती. मी नाही हे बघून त्यांनी गाडी काढली होती.

मी आप्पांना म्हणालो, “त्या गाडीचा ब्रेक तारेनं बांधलाय.”

आप्पांनी आधी फाटकाकडे पाहिलं. त्या दोन बायकांनी ऐकलं की काय, हे त्यांना बघायचं होतं. मग हळू आवाजात म्हणाले, “तुला कवापासनं ठावं हाय?”

तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या खिशात फोन नव्हता. मी फटफटीला किक मारली.

पाटणपासून हेळवाकपर्यंत रस्ता कोयनेच्या काठाने जातो आणि बहुतेक सपाट आहे. पुढे घाट सुरू होतो. मी किती वेगात गेलो ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याचा चेहरा मी बघत होतो. पुढे काही झालेलं असेल तर ड्रायव्हर हात दाखवतात. कुणी हात दाखवला नाही की मला पुढच्या वळणापर्यंत बरं वाटायचं. मी देवाला काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. नवस मी बोललो, तोही त्याच महिन्यातल्या देवाला, ज्याच्या नावाने ते पाय धुतले होते.

हेळवाकच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी, रस्त्याकडेला करवंदं घेऊन बायका बसतात. तिथं दाजींची गाडी उभी होती. मनूने करवंदांसाठी रडून गोंधळ घातला होता. दुसरं कारण काही नाही. दाजी पानाचा द्रोण हातात घेऊन करवंदं खात होते.

“अरे, सर्जेराव? काय राहिलं का आमचं?”

मी फटफटी लावली. मी सरळ डाव्या चाकापाशी गेलो. “जॅक काढा.”

“कशाला? सगळं व्यवस्थित आहे. येताना एकदाही कर्र झालं नाही.”

“जॅक काढा, दाजी.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने डिकी उघडली. मी चाक काढलं. तारेचे तीन वेढे होते. दोन तुटलेले होते आणि तिसरा ताणून बारीक झाला होता. जबड्याचा कान अर्धं बोट सुटून आला होता. पॅडही एकाच चाकाचे बदलले होते. उजव्या बाजूला हात लावायची हिंमत झाली नसावी.

आक्का मनूला कडेवर घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने ती तार पाहिली आणि मनूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

आता इतकं झाल्यावर तरी माणसाने गप्प बसावं. वीस-बावीस किलोमीटर मी जीव मुठीत धरून आलो होतो. पण मी तार दोन बोटांनी उचलली आणि बोललो. “दाजी, हे पुस्तकात कितव्या पानावर हाय?”

ऐकायला कुणी नव्हतं. एक करवंदवाली होती आणि ती तिच्या टोपलीवरच्या माश्या वारत होती. दाजींचं तोंड पडलं. ते म्हणाले, “तात्पुरतं केलं होतं. चिपळूणला दाखवणारच होतो.” चिपळूण घाटाच्या खाली आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे दोघांनाही लागू होतं.

मग मी कामाला लागलो. कान बाजूला केल्यावर तुटलेल्या बोल्टाचं नखाएवढं टोक बाहेर उभं होतं. त्याच्यावर फटफटीच्या पेटीतल्या बाटलीतलं ऑइल सोडलं. दगडाने हलके ठोके दिले, कारण माझा हातोडा घरी तुळशीच्या कट्ट्यावर होता. थांबलो. परत ऑइल, परत ठोके. पकडीने टोक धरून केसभर इकडे, केसभर तिकडे. पाऊण तास गेला. दाजी शेजारी उकिडवे बसून मी सांगेन ते हातात देत होते आणि दर वेळी चुकीचं देत होते. आक्का रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती.

शेवटी तो तुकडा करकरत फिरला आणि बाहेर आला. मी कपाळ पुसलं, खिशात हात घातला आणि नवा बोल्ट काढला.

“ह्यो कुठनं आनलास?” आक्काने विचारलं. ती कधी उठून जवळ आली ते मला कळलं नव्हतं.

“गॅरेजातनं.”

“आत्ता येताना?”

गॅरेज रस्त्यातच आहे. हो म्हणता आलं असतं. दुपारपासून मी जेवढं काही केलं होतं त्यात एवढं तरी खरं बोलावं असं मला वाटलं, किंवा तिच्यासमोर खोटं सुचलं नाही.

“दुपारीच आनला हुता,” मी म्हणालो.

“किती वाजता?”

“दोनच्या सुमाराला.”

नळावर तिने मला विचारलं ते त्यानंतर. तिने मनात हिशेब केला असणार. तिच्या तोंडावर राग आला नाही. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. दाजी कसे आहेत ते तिला सहा वर्षं माहीत होतं. मला ओळखायला मात्र तिला तेव्हा वेळ लागला. अनोळखी माणूस घरात शिरलेला बघतात तसं तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं.

मी बोल्ट बसवला, आवळला, चाक चढवलं. उजवं चाकही उघडून बघितलं, तिथले पॅड बदलले. तेवढ्यात कराडहून चिपळूणला जाणारी एसटी आली. आक्काने पिशवी उचलली, मनूला घेतलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन हात केला.

“अगं, हे काय?” दाजी म्हणाले. “गाडी झाली आता.”

“आक्का, आता गाडी खरंच ठीक हाय,” मी म्हणालो. “मी सांगतोय. माझ्या हातानं केलीय.”

ती पायरीवर एक पाय ठेवून वळली. “मी दुपारी बी तुलाच इचारलं हुतं, सर्जा. तू हसत हुतास. म्हनलं, भाऊ हसतोय म्हंजे भ्यायचं काय न्हाई.”

कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी घाटात उतरली.

आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. दाजी म्हणाले, “जाईल राग उतरून. बायकांचं काय धरून बसायचं?” आणि मी मान डोलावली. मला तो माणूस मनापासून तुच्छ वाटायचा, अजूनही वाटतो, आणि त्या वेळी आम्हा दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं होतं.

आक्का नंतर माहेरी येत राहिली. माझ्या पोरांची बारशी तिने केली, आई गेली तेव्हा मला तिनेच धरून बसवलं. त्या दिवसाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. म्हणून मी समजत होतो की ती विसरली.

मागच्या दिवाळीत मनूने स्वतःची गाडी घेतली. दोघी ती घेऊन पाटणला आल्या. मी शटरमध्ये एका जीपच्या खाली पडलो होतो. गाडी बाहेर थांबली, आक्काचा आवाज आला, आणि मी उठून हात पुसेपर्यंत ती शेजारच्या दुकानात गेली होती. मुनीर आता म्हातारा झालाय. तो अजूनही पंक्चरच काढतो.

“मुनीर, घाट उतरायचाय,” आक्का म्हणाली. “ब्रेक बघून दे बाबा.”

“मला ब्रेकचं काय कळतंय, आक्का? सर्जा हाय की हितं, त्येला दाखव.”

“त्येला लई कळतंय,” आक्का म्हणाली. “तू बघ. तुला जेवढं कळंल तेवढं तोंडानं सांग. मला तेवढं पुरं हाय.”

मुनीरने दारातून माझ्याकडे पाहिलं. मी परत जीपच्या खाली गेलो.